जावईबापू आणि आईच्या कानाचं यंत्र

अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात आमच्या जावईबापूंइतका संथ प्राणी दुसरा नाही, आणि जंगलातली कासवं धरूनच बोलतोय मी. जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. मलाजखंडला लोकांचे रेडिओ, टीव्ही दुरुस्त करतात. म्हणजे उघडतात आणि बघत बसतात. शेजाऱ्याचा टीव्ही त्यांच्याकडे गेला तेव्हा त्याची मुलगी दहावीत होती. परत आला तेव्हा ती सासरी नांदत होती. जेवतानाही हा गृहस्थ वरणातली मिरची अशी उचलतो की वरणाला पत्ता लागू नये.

यंदा आईच्या कानाच्या यंत्राचं, खिशात ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या डबीचं, वायर खोचायचं सॉकेट तुटलं. कानात बसणारं नवं यंत्र तिला सोसेना. सहा महिने ती नुसती आमच्या तोंडांकडे बघायची. आधी "काय म्हणते?" विचारायची, मग तेही सोडलं. दुकानदारानं "अब नहीं बनेगा" म्हणून हात झटकले, तेव्हा नाइलाजानं जावईबापूंना बोलावलं.

जुनं सॉकेट काढायचं, तर या शहाण्यानं त्यावर आधी नवीन सोल्डर, म्हणजे डाग द्यायचं कथील, लावलं!

"अहो, काढायचंय की चढवायचंय?"

"दादा, जुनं सोल्डर लवकर पघळत नाही. नव्याच्या संगतीनं पघळते. मंग तांब्याच्या तारांची ही वेणी ठेवाची, वरून गरमी द्याची, थे आपोआप..."

"शोषून घेते! कळलं!"

तीनपर्यंत मोजायचे, डाग द्यायचं तापलेलं आयर्न उचलायचे, यंत्रातला बोर्ड थंड होईस्तोवर चहा प्यायचे. तिसऱ्या चहाला ते अंगणात गेले आणि माझं डोकं फिरलं. सॉकेटचा एकच पाय अडकला होता. मी आयर्न दाबून धरलं आणि पकडीनं हिसका दिला. निघालं की! सोबत बोर्डावरची तांब्याची पट्टीही सोलून आली.

ते आत आले तसा मीच आधी ओरडलो, "तुमच्या या रवंथापायी झालं हे!"

"होते दादा. पह्यल्यांदा साऱ्यांचंच होते," ते म्हणाले. जुन्या वायरीतून केसाएवढी एक तार काढून ती सॉकेटच्या पायापासून उरलेल्या पट्टीपर्यंत जोडू लागले. दुपार गेली. मी मागे उभा राहून टोमणे मारत होतो, खरं सांगायचं तर भीतीनं.

शेवटी वायर खोचून त्यांनी आईच्या कानात वायरीचं बोंड बसवलं. "आई, आवाज येते काय?"

"हौ! येते!" आई रडायलाच लागली. मग डोळे पुसून त्यांच्याकडे सरकली. "पण जवाईबापू, तुमी इतकं हळू काहून बोलता?"

ते हसून तांब्याची वेणी गुंडाळू लागले. उत्तर मला ठाऊक होतं. बारा वर्षांत या घरात मी त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. लाज वाटली मला.

"बोला नं," आई म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली, उकवा गावात भेटलेल्या कुठल्याशा माणसापासून. मलाजखंडची शेवटची बस चुकणार हे मला दिसत होतं. चुकू दे म्हटलं, आणि गप्प बसलो.