रोमन गरुड आणि उल्हासनगरचं अर्धं शटर

उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडे रोमन चांदीचं नाणं आलंय, त्यावर भाला उगारलेला घोडेस्वार आहे, असं कळल्यापासून बाबांना चैन पडेना. त्यांच्याकडेही एक रोमन चांदीचं नाणं आहे. एका बाजूला वल्ह्यांचं लढाऊ जहाज, दुसरीकडे सैन्याच्या दोन निशाणांमध्ये गरुड. सैनिकांच्या पगारासाठी पाडलेलं. अदलाबदल जमते का, ते बघायचं होतं. बाबांना मोतीबिंदू, म्हणून मी सोबत.

सकाळी बेलवलीहून रिक्षाने निघालो. वाटेत अंबरनाथचं शिवमंदिर. दगड तापायच्या आत गेलात तर अनवाणी निवांत फिरता येतं. मग उल्हासनगरला दाल-पकवान. एका प्लेटमध्ये आमचं दोघांचं भागलं.

मग त्या व्यापाऱ्याचं दुकान गाठलं. दुकानदार बाबांचं नाणं घेऊन "अंकल, वजन करून आणतो" म्हणत आत गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याने नाणं बाबांच्या तळहातावर ठेवलं. "पुरानी चीज है, पण घोडेवाल्याशी बरोबरी नाही होणार."

बाबांनी अंगठा फिरवला. "हे माझं नाही."

"क्या अंकल! आपको ठीक से दिखता भी है?"

मी पाहिलं. तेच जहाज, तोच गरुड. "बाबा, तेच आहे हो. चला."

"नाही, मीनू. माझ्या गरुडाच्या पंखावर काप आहे. आत तांबं तर नाही ना, हे बघायला कुणीतरी त्या काळीच छिन्नी मारलेली. हात लावून बघ."

लावला. पंख गुळगुळीत होता.

"चलो, दुकान बंद करना है," म्हणत दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. बाबा खुर्चीत घट्ट बसले. "माझं नाणं आल्याशिवाय मी उठणार नाही."

मी दोन्ही हातांनी शटर वर ढकललं आणि समोरच्या कापड दुकानाकडे बघून ओरडले, "भाभी, जरा इधर आओ!"

दोन बायका दारात आल्या. दुकानदार त्यांना बघून आत गेला. "ट्रे में मिक्स हो गया था," म्हणत त्याने दुसरं नाणं पुढे केलं. बाबांचा अंगठा पंखावर फिरला आणि थांबला.

"घोडेवाला नहीं देखोगे?"

"नको."

असं काही घेऊन जाणार असाल तर आधी फोटो काढून ठेवा. आम्ही काढला नव्हता.

परतीच्या रिक्षात बाबांनी नाणं मुठीतच धरलं होतं. घरी चहा पुढे ठेवला, तर त्यांच्या हातात कप राहीना. मी कप धरला. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "तू शटर उचललंस, तेव्हा माझ्या जिवात जीव आला."