रविवारी पुसणारी कमांड

सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते, असं कोणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. अंबडच्या कारखान्यात मी नोकरीला होते तेव्हा आमची सुट्टी शनिवारी असे. विजेचा भार वाटला जावा म्हणून प्रत्येक औद्योगिक वसाहतीला आठवड्याचा वेगळा वार ठरवून दिलेला, त्यात आमच्या वाट्याला शनिवार आला. नवरा बँकेत, मुलांची शाळा रविवारी बंद, त्यामुळे सगळे एकत्र घरात सापडायचे ते सणासुदीलाच. सवय झाली होती. रविवारी सकाळी कंपनीची बस पकडायची आणि डिस्पॅचच्या केबिनमध्ये युनिक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या काळ्या पडद्यासमोर बसायचं.

तो पडदा मला मनापासून आवडायचा. माऊस नाही, चित्रं नाहीत. कमांड टाइप करायची, ती आपलं एकच काम करणार आणि काही बिघडलं नसेल तर अवाक्षर काढणार नाही. हा गुण माणसांत मी फार कमी पाहिला. मशीनची देखभाल पुण्याच्या एका कंपनीकडे होती. ते अधूनमधून अपडेटची सीडी पाठवायचे आणि कुठल्या कमांडमध्ये काय दुरुस्त केलं याची माहिती तिच्यातच असायची. ती कोणी उघडतही नसे. मी डबा खाताना वाचायची.

अशीच एक सीडी चढवली आणि पुढच्या रविवारी छपाईच्या रांगेतली सगळी चलनं पडद्यावरून गायब झाली. चलन नाही तर माल गेटबाहेर जात नाही. गाड्या खोळंबल्या. निफाडकडचा एक ड्रायव्हर खिडकीत डोकं घालून म्हणाला, "ओ मॅडम, कागद द्या ना. लय टाइम झाला. तुमचं मशीन झोपलं का काय?" पुण्याला फोन लावला तर तिथे अर्थातच कोणी नव्हतं. सगळी चलनं पुन्हा टाइप केली.

सोमवारी तिथला इंजिनिअर फोनवर सापडला. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, मॅडम," तो म्हणाला. "आणि रविवारी कोण काम करतं?"

"आम्ही करतो," मी म्हटलं आणि फोन आपटला.

मग मी शोधायला बसले. तात्पुरत्या फायली साफ करणारी एक छोटी कमांड दर रविवारी सकाळी आपोआप चालायची, आणि छपाईच्या रांगेतली चलनंही अशाच फायलींत असायची. आधीची आवृत्ती, एखादी फाइल कोणी वापरत असेल तर तिला हात लावायची नाही. नव्या आवृत्तीत ही तपासणीच गळली होती. बाकी जगात रविवारी मशीनवर कोणी नसायचं, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मी वार बदलून शनिवार केला. पुढच्या सीडीने तो गुपचूप परत रविवार केला आणि चलनं पुन्हा गेली.

या वेळी आमच्या साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता: ऑपरेटरच्या चुकीमुळे माल खोळंबला.

"मॅडम, एवढी सही करा. पुण्याच्या लोकांनाही तेच हवंय. विषय मिटवून टाकू."

"नाही केली तर?"

"तर तुम्हाला स्टोअर्सला पाठवावं लागेल. मशीनवर दुसरं कोणीतरी बसेल."

संतापाने माझे कान तापले. मशीन माझ्याकडून काढून घेणार, तेही मी न केलेल्या चुकीसाठी! मी म्हटलं, "सही करणार नाही. पुण्याच्या माणसाला रविवारी बोलवा. कीबोर्डवर त्याला बसवा. मी हात लावणार नाही."

तो आला. मुलीचा वाढदिवस सोडून यावं लागलं म्हणून तोंड पाडून आला होता. मला त्याची जराही दया आली नाही. तो खुर्चीत बसला, साहेब त्याच्या मागे उभे राहिले आणि मी दाराशी स्टूल घेऊन हाताची घडी घातली. त्याने रांग बघितली. चलनं जागेवर होती. थोड्या वेळाने, सफाईची वेळ होऊन गेल्यावर, पुन्हा बघितली. एकही नव्हतं. त्याने तीच कमांड परत टाइप केली, मग आणखी एकदा. बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी दोन्ही हात वर करून दाखवले.

"मी वार बदलून देतो," इंजिनिअर म्हणाला.

"वार मीही बदलला होता, तुमच्या सीडीने तो उलटवला. वार कुठलाही ठेवा, वापरात असलेली फाइल पुसायची नाही. ती तपासणी परत घाला."

ते आमच्या हातात नाही, प्रोग्रॅम बाहेरच्या देशातले लोक लिहितात, असं तो पुटपुटला. पुढे त्या लोकांना मीच कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं आणि तपासणी खरोखर परत आली. कंपनीच्या गोष्टी बाहेर का सांगितल्या म्हणून साहेबांनी मला झापलं. झापू देत. दुरुस्ती झाली ना!

पण त्या रविवारी एवढंच झालं की साहेबांनी सोबत आणून टेबलावर ठेवलेला तो सहीचा कागद उचलला आणि ड्रॉवर उघडला. "जाऊ द्या मॅडम, विषय संपला."

"नाही संपला," मी म्हटलं.

मी त्यांच्या हातातून कागद घेतला, 'ऑपरेटरच्या' हा शब्द खोडला, वर 'अपडेटच्या' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली. मग तो टेबलावर त्या दोघांच्या मधोमध ठेवला. इंजिनिअरने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं.