'नको' नावाचं फोल्डर

माझ्या भावाचा कॉम्प्युटर उघडला की मला शिसारी येते. रात्रभर मोरीत पडलेल्या खरकट्यात सकाळी हात घालायची वेळ यावी, तसं होतं. स्क्रीनभर फोल्डर सांडलेले असतात. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'लग्न', 'लग्न फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं'. 'आता बास' असंही एक आहे. त्यात दोन मुंजी आणि कुणाच्या तरी चकल्यांची जाहिरात गुण्यागोविंदाने नांदतात.

आम्ही भावंडं नारायण पेठेत लग्नकार्यांचे फोटो काढायचा व्यवसाय करतो. फोटो दोघंही काढतो. निवडणं आणि रंगरंगोटी त्याच्याकडे, अल्बम आणि गिऱ्हाइकांची बोलणी माझ्याकडे. कॅमेऱ्यातून आधी निघते ती रॉ, म्हणजे कच्ची फाइल. समोर जे होतं ते बऱ्यावाइटासकट तिच्यात असतं. तिच्यावर काम केलं की तयार फोटो वेगळा निघतो. म्हणून मी शिस्त लावून दिली होती. प्रत्येक कार्याचं एक फोल्डर आणि त्याच्या पोटात तीन, 'कच्चे', 'निवडलेले', 'तयार'. कुठून उचलायचं आणि तयार झालेलं कुठे ठेवायचं, हे शेंबड्या पोरालाही कळावं.

"कच्चे म्हणजे काय ताई, कच्चं लिंबू?" असं म्हणून तो हसला आणि त्याने मनाला येईल तेच केलं. गिऱ्हाइकाला काम दिलं की तो कच्च्या फाइली उडवतो. वर मलाच विचारतो, "पोळ्या झाल्यावर कणीक ठेवतेस का तू? स्पेस जाते ना उगाच!" शिवाय फोटो उतरवून घेणारा प्रोग्रॅम ते कुठे टाकतोय हे तो कधी बघतच नाही. आदल्या कामाला जी जागा दिलेली असते, तिथेच पुढच्या कामाचे फोटो जाऊन पडतात. बारशात साखरपुडा आणि साखरपुड्यात वास्तुशांत.

एका दुपारी विश्रांतवाडीहून मायलेकी आल्या. लेकीच्या लग्नाचे फोटो आम्हीच काढले होते. त्यानंतर काही महिन्यांत तिचे वडील गेले. आता वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. लेकीने पिशवीतून फ्रेम काढून माझ्या टेबलावर ठेवली. आमच्याच अल्बममधला फोटो मोठा करून घेतलेला होता. फेटा बांधलेला एक गोरापान, गुळगुळीत गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होता.

"ताई, वरीस झालं, मी परक्या माणसाला हार घालतीय," आई म्हणाली.

मला ते लग्न चांगलं आठवत होतं. तो माणूस असा नव्हताच. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तरी त्याच्या अंगावरून ऊन उतरलं नव्हतं. चेहरा रापलेला, नाकाशेजारी हरभऱ्याएवढी चामखीळ, कपाळावर बैलाच्या शिंगाची खूण. भावाने चामखीळ पुसली, खूण बुजवली, सुरकुत्यांवरून इस्त्री फिरवली आणि रंग असा काही उजळला की मला ओकारी यायचीच बाकी राहिली. "लोकांना असंच लागतं," हे त्याचं ठरलेलं उत्तर. लोकांना लागतं हेही खरं आहे, आणि म्हणूनच या धंद्याचा मला जास्त वीट येतो.

"आमच्याकडे दुसरा फोटोच नाहीये," लेक सांगत होती. "मोबाईल समोर धरला की अण्णा तोंड फिरवायचे. आधार कार्डावरचा आहे, पण त्यात ते कोण आहेत तेच कळत नाही. ओरिजिनल फोटो मिळेल ना?"

"सर्च मार ना, ताई," भाऊ खुर्चीतून म्हणाला.

काय शोधायचं? फाइलींना कॅमेऱ्याने दिलेले आकडे हीच नावं. तरी मी प्रोग्रॅम उघडला. फाइल उडवली तरी तिची चिमुकली प्रत त्याच्याकडे राहते. तिथे ते लग्न होतं. टिकलीएवढ्या चौकटीत अण्णाही होते, काळेसावळे, जसेच्या तसे. लेकीने स्क्रीनवर बोट ठेवलं. मी त्या चौकटीवर क्लिक केलं आणि उत्तर आलं, मूळ फाइल सापडत नाही. दुसरीवर केलं, तेच. तिसरीवर केलं, तेच. कणीक केव्हाच फेकून दिली होती.

लेकीने बोट मागे घेतलं. आईला काय झालं ते कळलं नव्हतं. ती म्हणाली, "मिळंल हो, दमानं बघा."

मी एकेक फोल्डर उपसायला बसले. भावाला चहा सांगायला पाठवलं, कारण तो समोर असता तर माझ्या तोंडून भलतंसलतं गेलं असतं. 'तयार' म्हणून जे जे होतं ते बघताना किळस वाढतच गेली. नवऱ्या, करवल्या, आज्या, सगळ्यांची कातडी एकाच परातीत मळल्यासारखी. एका आजीच्या हातावरचं गोंदणसुद्धा त्याने पुसलेलं होतं. माणसं आयुष्यभर कमावतात ते हा अर्ध्या मिनिटात साफ करतो.

अखेर बिबवेवाडीच्या एका बारशाचं फोल्डर उघडलं. पाळणा, बाळ, बाळाची आत्या. आणि त्यांच्या खाली, कुणी ठेवलं कुणास ठाऊक, 'नको' नावाचं फोल्डर. भाऊ डोळे मिटलेले, हललेले, तोंड वाकडं झालेले फोटो असेच बाजूला काढतो. मी ते उघडलं, तर आत विश्रांतवाडीचा मांडव.

त्यात अण्णाच अण्णा होते. उपरण्याने तोंड पुसताना, बासुंदीची बोटं चाटताना, मंडपवाल्याशी भांडताना. सगळ्यांत चामखीळ होती, खूण होती, रंग होता. टाकून द्यायच्या माणसाला पावडर कोण लावतो? आणि दुसऱ्याच कार्यात जाऊन पडल्यामुळे उडवायचंही राहून गेलं होतं.

आई खुर्चीतून उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "हां. हे. हे आमचं मालक."

तिने निवडलेल्या फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं आणि एक हात हवेत होता. "वाढप्यावर वरडत्यात," ती म्हणाली. "पोरीच्या मामाला जिलबी वाढा म्हणून."

"आई, हाराच्या फोटोत तोंड उघडं?"

"मिटलेलं कधी बघितलंस का तू?"

लेक हसली आणि मग रडली. भाऊ चहा सांगून परत आला होता आणि दारातच उभा होता. एवढ्यात आईची नजर स्क्रीनच्या वरच्या कडेला गेली. तिने एकेक अक्षर लावून वाचलं. "न... को." मग वळून विचारलं, "ह्यांच्या डोक्यावर नको कुणी लिवलं?"

मी भावाकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला.

"पुसा आदी ते. मग फोटू काढा."

तो येऊन माझ्या शेजारी बसला आणि त्याने ती अक्षरं पुसली. पण फोल्डरला रिकामं नाव चालत नाही. काहीतरी लिहा म्हणून कॉम्प्युटर अडून बसला. "काय नाव लिहू?" भावाने विचारलं, तेही अदबीने. लेक सांगणार होती, तर आईने तिचा हात दाबला. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं आणि ते गेले म्हणून आता घेणार नव्हती.

"आमचं मालक," ती म्हणाली. "असंच लिवा."

त्याने तसंच लिहिलं.

फोटो त्याच संध्याकाळी छापून दिला, काहीही न करता. ते फोल्डर मात्र अजून बिबवेवाडीच्या बारशातच आहे. तिथे असायचं त्याला काही कारण नाही. मी ते हलवलेलं नाही.