चालू झाली तर ठेवा

आमच्या घरासमोर एकच पत्र्याचं शेड आहे आणि लग्न होऊन आल्या दिवसापासून त्या शेडात मी एक जीप बघत आले. जुनी, डिझेलची, हिरवी. म्हणजे जिथं रंग उरला होता तिथं हिरवी. ती माझ्या सासऱ्यांची, ज्यांना मी मामा म्हणते. मामांनी तरुणपणी या जीपमधून झरीच्या बाजाराला कापूस नेला, नवरदेव नेले, अडलेल्या बाळंतिणी परभणीला पोचवल्या, आणि हे सगळं मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं. आता ती वर्षातून एकदाच निघायची, दसऱ्याला. मामांची थोरली बहीण देवगाव फाट्याला असते. तिला सोनं द्यायला मामा जीपनंच जाणार, एसटीनं नाही की कुणाच्या गाडीवर नाही. उरलेलं वर्षभर त्या जीपमध्ये माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या.

मला त्या जागेवर पिठाची गिरणी टाकायची होती. बायकांच्या गटातून मशीन मिळत होती, लाइटीची जोडणी शेडापर्यंत आलेली होती. गावातली गिरणी चार दिवस चालू तर दहा दिवस बंद. डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जाऊन माझी मान वाकडी झाली होती. फक्त जागा नव्हती. जागेवर ही बया बसलेली! दोन वर्षं मी गोड बोलून पाहिलं, मग गोड बोलायचं सोडून दिलं. शेवटी एके दिवशी जेवताना मामाच वैतागले.

"हे बघ बाई, दसऱ्याला चालू झाली तर ठेवा. न्हाई झाली तर भंगारवाल्याला बोलवा आन् टाका तुमची गिरणी. मी एक शब्द बोलणार न्हाई."

मामांचा शब्द म्हणजे शब्द. माझ्या नवऱ्यानं घास तसाच हातात धरला. मी मात्र लगेच म्हटलं, "ठरलं."

दसरा उजाडला. आता राग असला म्हणून पूजेत कसूर करणारी मी नव्हे. कोंबड्या हाकलल्या, जीप धुतली, पुसली, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, तिथं एक झेंडूची माळ घातली. आतही एक माळ हवी. पण आतला आरसा माझ्या नवऱ्यानं कधीचाच फोडून ठेवलेला, माळ अडकवायची कुठं? स्टेअरिंगच्या खाली एक काळं बटन जरासं पुढं आलेलं दिसलं. त्याला माळ अडकवली तर घसरली. पुन्हा अडकवली, पुन्हा घसरली. मग मी ते बटन दोन्ही हातांनी ओढून चांगलं बाहेर काढलं. मस्त खुंटी झाली. माळही अशी भरघोस केली होती की खालचं काही दिसायलाच नको. आणि आमच्या घरात पूजेची माळ वाळेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. हा नियम मामांचाच.

दुपारी मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून, फेटा बांधून जीपमध्ये जाऊन बसले. मांडीवर आपट्याच्या पानांची जुडी आणि बहिणीसाठी घेतलेलं लुगडं. नवऱ्यानं माळेला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून, वाकडं बसून चावी फिरवली. खर्र खर्र खर्र. स्टार्टर फिरतोय, इंजिन काही धरत नाही. पुन्हा खर्र खर्र. मी स्वयंपाकघरात कान टवकारले.

आमच्याकडं गाडी चालू होईना म्हटलं की बोलवायला लागत नाही, माणसं आपोआप येतात. शेजारचे काका आले. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, त्यांना सगळंच कळतं. बॉनेटच्या आत नुसतं बघून म्हणाले, "हवा धरलीय."

झालं. फिल्टरचा नट ढिला केला, हातपंप मारला. बुडबुडे आले, मग नितळ डिझेल आलं, सगळ्यांचे हात माखले. नट आवळला. खर्र खर्र. काही नाही. "बॅटरी उतरली आसंल," काका म्हणाले. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. आता स्टार्टर इतका जोरात फिरायला लागला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. जीप ढिम्म. मग काकांनी थेट इंजिनवरची डिझेलची नळी खोलली आणि स्टार्टर मारायला लावला. नळी कोरडी ठाक. टाकीत डिझेल, फिल्टरला डिझेल, पुढं मात्र थेंब नाही. काकांनी नळी परत आवळली, हात पुसले.

"पंप गेला," ते म्हणाले. "आता हिचा पंप कुठं मिळायलाय? खेळ खलास."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गिरणी कोणत्या कोपऱ्यात, पिठाचा डबा कुठं, बायका कुठं बसतील, हे सगळं मांडून मी चहा घेऊन बाहेर आले. मामा अजून जीपमध्येच होते. एवढा वेळ त्यांनी ना काही सांगितलं ना काही विचारलं. मी चहात दूध आधी घालते की मागून, यावरसुद्धा बोलणारा माणूस! मला वाटलं, शब्द दिलाय म्हणून गप आहेत. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "साखर बरोबर हाय आज." असं ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

तेवढ्यात नवऱ्यानं परभणीच्या मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मिस्त्री मामांच्या वेळेपासूनचे, या जीपची नाडी त्यांना ठाऊक.

"धूर निघायलाय का?" मिस्त्रींनी विचारलं.

"जरा बी न्हाई."

"धूर न्हाई म्हणजे डिझेलच जाईना. भाईजान, ते बंद करायचं बटन आत हाय ना? तुमची जीप चाबीनं बंद व्हत न्हाई, बटन वढलं की डिझेल बंद व्हतं. ते भाईर राह्यलं तर कयामतपर्यंत स्टार्टर मारा, चालू व्हनार न्हाई."

"आत हाय की."

"हात लावून बगा."

"पूजेची माळ हाय तिच्यावर, हात कसा लावू? पर आतच असतंय ते."

"मग पंपच गेला म्हणायचा," मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला.

चहाचा ट्रे हातात धरूनच मी माळेकडं पाहिलं. बाई गं! म्हणजे ती खुंटी!

गप बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. माळ वाळेपर्यंत भंगारवाला येऊन गेला असता. वर पैज मामांनीच घातलेली, मी काही पाप केलेलं नव्हतं. मी स्वतःला असं समजावत होते आणि तिकडं मामांचा फोन वाजला. फाट्याच्या आत्यांचा, सकाळपासूनचा तिसरा. "निघालाव का रे?" मामा म्हणाले, "बघतो आक्का. न्हाई जमलं तर तू वाट बघू नको." आणि ते आपट्याची जुडी उगंच सोडून पुन्हा बांधायला लागले.

"आग लागो त्या गिरणीला!" मी मोठ्यानं म्हणाले. ट्रे काकांच्या हातात दिला, माळ काढली आणि बटन असं आत दाबलं की डॅशबोर्ड हलला. "मारा आता."

चार फेऱ्यांत जीपनं काळाकुट्ट धूर सोडला आणि धडधडायला लागली. शेडातल्या कोंबड्या ओरडत पळाल्या. काका म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो का, हवाच व्हती!"

नवरा माझ्यावर खेकसला, "पर तू तिथं कामून अडकवली माळ?"

"मग आरसा कुणी फोडला होता?" मी म्हटलं.

मामा म्हणाले, "बस बाई, तू बी चल." मी तशीच कामाच्या साडीवर मागं बसले. झरी मागं पडल्यावर मामा पुढं बघतच बोलले.

"ते बटन भाईर आल्यालं मी माळेच्या बाजूनं बसल्या बसल्याच पाह्यलं व्हतं."

"आं? मग बोलला कामून न्हाईत?"

"मला वाटलं, तूच मुद्दाम वढलंस. म्हणलं, घरातल्या बाईला एवढी नकोशी झाली आसंल तर आपून कामून अडून बसावं? शब्द बी दिलता."

"मुद्दाम? मी? पूजेच्या माळेआड?" मी अशी ओरडले की नवऱ्यानं घाबरून ब्रेक मारला. सुनेनं ऐन दसऱ्याला आपल्याशी दगा केला असं धरून हा माणूस कडक धोतरात दुपारभर तिथं बसला होता. आणि माझा चहा पिऊन साखर बरोबर आहे म्हणाला होता. मी पदरानं डोळे पुसत फाट्यापर्यंत गेले.

आत्यांनी रात्री काही परतू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचलो. नवरा सवयीनं शेडाकडं वळला तर मामा म्हणाले, "तिकडं न्हाई. लिंबाखाली लाव."

"मामा, पैज तुमी जिंकलाव," मी म्हटलं.

"जीप ठेवा म्हणलो व्हतो. शेडातच ठेवा म्हणलो नव्हतो." असं म्हणून त्यांनी स्वतः हात लांब करून ते काळं बटन ओढलं. जीप शांत झाली.

गिरणी टाकली, त्याला आता दोन वर्षं झाली. पहिलं दळण मामांच्या ज्वारीचं होतं, आणि पीठ जाड आलं म्हणून त्यांनी चार लोकांत मला सुनावलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जीप लिंबाखाली असते. तिच्यावर पाला पडतो, तो मी रोज झाडते, आणि कोंबड्यांना तिकडं फिरकू देत नाही.