अर्धा डबा

लेक येणार म्हटल्यावर मावशींनी घर डोक्यावर घेतलं. घर दोनच खोल्यांचं, त्यामुळे ते काम लवकर उरकलं. मग चादरी बदलल्या, शेगडी घासली, खिडकीतल्या कुंड्यांना उगाचच दुसऱ्यांदा पाणी घातलं, तरी गाडी यायला वेळ होताच. मावशी हे काही त्यांचं नात्यातलं नाव नव्हे. तयार जेवणाच्या कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही.

लेक आली ती हातात पिशवी घेऊनच. "आई, बघ काय आणलंय," म्हणत तिनं स्टेशनजवळच्या सुपरमार्केटातून घेतलेला डबा टेबलावर ठेवला. मसूर-टोमॅटोचा रस्सा आणि भात. चित्र तेच, पिवळी पट्टीही तीच. मावशींच्याच कारखान्याचा डबा. दुकानभर माल भरलेला असताना पोरीच्या हाताला नेमका हाच डबा लागावा, याला काय म्हणावं?

नवरा गेला तेव्हा ही लेक नुकती शाळेत जायला लागली होती आणि मावशी कारखान्यात कांदे सोलायला. कांदे फार रडवत असतील, असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, "बरं आहे की. का रडतेस असं कुणी विचारत तरी नाही." पुढे कारखान्यानं सोललेला कांदा बंद करून वाळवलेल्या चकत्यांची पोती आणायला सुरुवात केली आणि मावशींना हंड्यावर घेतलं. हंडा म्हणजे आत म्हैस आरामात बसेल एवढं स्टीलचं भांडं. तापायचं वाफेवर, ढवळायचं मशीन, पण चव बघायला माणूसच लागे. मावशी चमच्याच्या टोकावर थेंबभर रस्सा घेत, जिभेवर ठेवत आणि मान हलवत. मान आडवी हलली की सगळी लाइन थांबे.

ज्या डब्यांचं वरचं झाकण नीट चिकटत नसे, ते दुकानात जात नसत. संध्याकाळी ते कामगारांना मिळत, माणशी एक. मावशी आपला डबा घरी आणून फ्रीजमध्ये ठेवत आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर लेक तो गरम करून खाई. मावशी घरी पोचत तेव्हा ती शिकवणीला गेलेली असे. ओट्यावर ताटलीखाली डबा झाकलेला असे आणि त्यात रस्सा-भात बरोबर अर्धा उरलेला असे.

"का गं, आवडत नाही तुला?" मावशींनी एकदा विचारलं.

"आवडतं की. पोट भरलं माझं."

कसलं पोट भरतंय, मावशींना वाटलं. वाढत्या अंगाची पोर, हाताची मनगटं बघवत नाहीत, आणि म्हणे अर्ध्या डब्यात पोट भरलं. घशाखाली उतरत नसणार, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून बोलत नसणार. हे त्यांच्या जिवाला फार लागलं. दुनियेला आपण जेवायला घालतो, आणि पोटच्या पोरीला आपल्या हातचं धड एक ताट जात नाही.

उरलेलं स्वतः खावं म्हटलं तर तेही जमेना. दिवसभर तोच वास नाकात, तोच केसांत, बसमध्ये शेजारची बाई हळूच सरकून बसायची. घरी येऊन तोच डबा उघडला की पोटात ढवळून येई. मग मावशी मागच्या गल्लीतल्या कुत्रीपुढे तो रिकामा करत, धुऊन पालथा घालत, आणि आपण चहात पाव बुडवून खात. कुत्रीनं मात्र चांगलं बाळसं धरलं.

आणि मग मावशींनी दोष मालात शोधायला घेतला. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कांद्याच्या चकत्यांना पोत्याचाच वास जास्त. टोमॅटो पिंपातून यायचा, रंग आणि साखर घालून सजवलेला. मसूर इतका जुना की कितीही उकळला तरी दाताखाली येऊन आपली ओळख सांगणार. हे सगळं आणणारे खरेदीचे साहेब, त्यांना पाठीमागे सगळे 'घासाघीस' म्हणत. मावशींनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"साहेब, हा कांदा कुठला?"

"गोदामातला."

"गोदामात कांदा उगवत नाही. शेत कुठलं, ते विचारतेय."

"मावशी, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तुम्हालाच कसला त्रास आहे?"

"माझी लेक अर्धा डबा टाकते."

साहेब हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या हात धुऊन त्यांच्या मागे लागल्या. जिन्यात, फाटकात, एकदा तर न्हाव्याच्या दुकानात, साहेबांच्या तोंडाला फेस लावलेला असताना. शेवटी साहेबांनी हात टेकले आणि एका सकाळी त्यांना टेम्पोत बसवून नदीपलीकडच्या एका शेतावर घेऊन गेले. मावशींनी बांधावर बसून कच्चा कांदा दातांनी फोडून खाल्ला. तिखट झिणझिणी थेट डोक्यात गेली. मान उभी हलली. परतताना साहेबांनी टेम्पोत गाणं म्हटलं, तेही बेसूर, आणि मावशींनी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसून घेतलं.

तिथून कारखान्याचे दिवसच पालटले. नव्या हंगामाचा मसूर आला. उन्हाळ्यात टोमॅटोचे क्रेट फाटकापर्यंत रचले जायचे, ते तिथंच उकळायचे, जमीन लाल, सगळ्यांचे बूट लाल, आणि आंबटगोड वाफेत पलीकडचं माणूस दिसायचं नाही, नुसतं बोलणं ऐकू यायचं. दमून जीव जायचा, पण भांडणं व्हायची नाहीत. आता कधी दुपारी अंथरुणावर पडलं की मावशींना ती वाफ आठवते आणि जीव कासावीस होतो. दुकानांत तो डबा मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर आला. लोक नाव घेऊन मागू लागले.

घरी मात्र अर्ध्याचा अर्धाच.

"काय म्हणते आपली इन्स्पेक्टर?" साहेब रोज सकाळी विचारत.

"अर्धाच, साहेब."

सगळ्या कारखान्याला ती इन्स्पेक्टर माहीत झाली होती. तेल बदललं, मिरी ताजी दळून घेतली, तांदूळ बदलला. एकदा साहेब वैतागून म्हणाले, "मावशी, पोरीला डॉक्टरकडे न्या. माझ्याकडे सुधारायला आता मीठच राहिलंय." पुढे लेक शिकून लांबच्या शहरात गेली, तिथलीच झाली. साहेब निवृत्त झाले, कारखाना दुसऱ्या कुणी घेतला, मावशीही घरी बसल्या. सगळं जग तो डबा चाटून पुसून खाऊन गेलं आणि आपली लेक तेवढी राहिली, ही खंत त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

तर तो नवा डबा लेकीनं गरम केला. दोघींनी एकेक घास घेतला. रस्सा गोडसर, पातळ. कांदा होता तो वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत, आणि तिथंही बऱ्याच खाली. लेकीनं चमचा ठेवला.

"हा तो नाही, आई. तो किती छान होता."

छान होता म्हणे. मावशींना वाटलं, अजूनही माझं मन राखतेय. एकदा, आपल्या डोळ्यांसमोर, या पोरीनं ताट संपवलेलं बघायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

सकाळी त्या बाजारात गेल्या. कांदेवाल्याला शेत विचारलं, माती विचारली, कधी काढला ते विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कांदा घ्यायचाय की सोयरीक जमवायचीय?" चार दुकानं फिरून नवा मसूर मिळाला. टोमॅटो एकेक दाबून घेतले. घरी आल्यावर मात्र पंचाईत झाली. मावशींना या रश्श्यात बादलीनं कांदा आणि घमेल्यानं मीठ घालायची सवय. दोघींपुरतं पातेलं समोर आलं आणि हातच चालेना. पहिला रस्सा इतका खारट झाला की तो गुपचूप मोरीत गेला. दुसरा जमला. कांदा हळूहळू तांबूस झाला, टोमॅटो विरघळला, वाफ वर आली आणि मावशी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. लाल बुटांची ती सगळी माणसं स्वयंपाकघरात आल्यासारखी वाटली.

लेक जेवायला बसली. मावशी समोर बसल्या, जीव टांगणीला लागलेला.

"हाच," पहिल्या घासाला लेक म्हणाली. "आई, अगदी हाच."

ती भराभर जेवू लागली. मावशी बघत होत्या. आणि बरोबर अर्ध्यावर तिचा हात थांबला. तिनं ताट जरा पुढे सरकवलं.

मावशींचा धीर सुटला. "आता तरी खरं सांग. काय कमी पडतं गं? तुझ्यासाठी मी कांदा बदलला, मसूर बदलला, साहेबांच्या नाकी नऊ आणले. तरी तुझं कायम अर्ध्यावर. इतका का नकोसा व्हायचा तो?"

लेक आईकडे बघतच राहिली. "नकोसा? अगं, उरलेलं तुझं असायचं."

"माझं?"

"तू शेजारच्या काकूंना सांगत होतीस, कामावर जेवायची सोय नाही म्हणून. मी दाराआड होते. तुला सांगितलं असतं तर तू मलाच खायला लावलं असतंस, म्हणून पोट भरलं म्हणायचे. भूक असायची गं. मग बरणीतली साखर खायचे." ती हसली. "पण शिकवणीहून आले की डबा धुऊन पालथा घातलेला दिसायचा. आई जेवली, असं वाटायचं. इतकं बरं वाटायचं. आता पातेलंभर असलं तरी हात आपला अर्ध्यावर थांबतो."

मावशींना गल्लीतली ती गुबगुबीत कुत्री दिसली. शेपटी हलवत रोज वाट बघणारी. त्यांना रडायचंही सुचेना. लाज वाटली, आणि त्या लहान मनगटांच्या पोरीला आत्ताच्या आत्ता कुठून तरी बोलावून पोटभर वाढावं, असं वाटलं.

"जेवायचीस ना तू ते?" लेकीनं विचारलं.

"जेवायचे ना," मावशी म्हणाल्या. "रोज. शीत ठेवत नव्हते."

त्यांनी लेकीचं ताट पुढ्यात ओढलं, तिचाच चमचा घेतला आणि उरलेलं खायला लागल्या. रस्सा आयुष्यभर चमच्याच्या टोकावरच चाखला होता. पोटभर असा त्या पहिल्यांदाच जेवत होत्या.