पहिलं नाव दर्शना केणेचं

दर्शना केणेला हळदीचं आमंत्रण आलं की ती पर्समध्ये आहेराच्या पाकिटाशेजारी एक छोटा टॉर्च टाकते. डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी गावांत हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. पुढे मांडवात बेंजो आणि नाचणारे पुरुष, मागे पडवीत मटणाची पातेली आणि बायका. दर्शना कुणाला न विचारता पडवीत शिरते, पाट ओढून बसते, चार लसूणपाकळ्या सोलते आणि शेजारच्या बाईला हळूच म्हणते, "काकी, जरा तोंड उघड बघू."

ती तोंडाच्या कॅन्सरची डॉक्टर. ठाण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात संशोधन करते, राहते नवऱ्याबरोबर कोपरीला. वडील काळुराम मिठागरावर राबलेले. पुढे जमिनीला भाव आला, घर तिमजली झालं, दारात गाड्या आल्या. पण त्या घरात पदवी घेऊन आलेलं पहिलं माणूस दर्शनाच, आणि ते गाव अजून विसरलेलं नाही.

पडवीत जायचं तिला सुचलं ते एका फसलेल्या शिबिरामुळे. इस्पितळाने गावात तपासणी ठेवली, देवळासमोर टेबल मांडलं आणि तिचा सहकारी डॉ. सलिल ऐटीत बसला. पुरुषांची रांग लागली, बायका मात्र चार-पाचच आल्या. सलिलने त्यांना विचारलं, "तंबाखू खाता?" त्या म्हणाल्या, "नाय." तो 'व्यसन नाही' असं लिहून मोकळा झाला. बायका खोटं बोलल्या नव्हत्या. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मिश्री त्या दिवसातून चारदा दातांना लावत होत्या, पण ते काय खाणं झालं? ते तर दात घासणं! त्या वासातच लहानाची मोठी झालेली दर्शना टेबलामागे उभी राहून कपाळावर हात मारत होती.

मग तिने आपला रस्ता धरला. समाजसेवा विभागातली अक्षदा तिच्याबरोबर गावोगाव हिंडली. कुणाच्या तोंडात कॅन्सरच्या आधी उठतो तो पांढरा चट्टा दिसला की अक्षदा त्या घरी जाऊन बसायची, नवऱ्याची समजूत काढायची, सासूशी गोड बोलायची आणि बाईला हाताला धरून इस्पितळात आणायची. आकडेमोड विभागातल्याच रसिकाने केली. तिघींनी मिळून दाखवून दिलं की मिश्रीचं नाव घेऊन, बायकांत बसून विचारलं, तर रोग वेळेत सापडतो. कितीतरी बायका चट्टा असतानाच बऱ्या झाल्या. दर्शनाने शोधनिबंध लिहिला आणि विभागप्रमुख त्र्यंबक सरांकडे दिला.

आठवड्याने सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. निबंधाच्या पहिल्या पानावर लेखकांची नावं होती. पहिला सलिल. मग विभागातले दोन डॉक्टर, मग रसिका, पाचवी दर्शना आणि शेवटी सर. अक्षदाचं नाव मागच्या पानावर आभारांत, चहा-नाश्त्याची सोय करणाऱ्यांच्या शेजारी.

पहिलं नाव म्हणजे नुसती शोभा नव्हे. ज्याचं नाव पहिलं, त्याचं ते काम, हे त्या जगात सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय बायकांसाठी दर मंगळवारी वेगळी तपासणी सुरू होणार होती आणि तीही पहिल्या नावाच्याच हाती जाणार होती. सलिल पुन्हा देवळासमोर टेबल मांडणार, हे दर्शनाला लख्ख दिसत होतं.

"दर्शना, मनाला लावून घेऊ नकोस," सर म्हणाले. "सलिलच्या बढतीची मुलाखत आलीय. शिवाय गावात जायची मूळ कल्पना त्याचीच. तुझं काही अडलेलं नाही, यजमान उत्तम नोकरीत आहेत. पुढच्या वेळी तुझं नाव पहिलं, हा माझा शब्द."

ही पुढची वेळ तिला आधी दोनदा मिळालेली होती. एकदा ती बाळंतपणाच्या रजेवर असताना तिचा निबंध परस्पर दुसऱ्याच्या नावावर गेला, आणि एकदा सलिलला परदेशी जायचं होतं म्हणून. दोन्ही वेळा ती "बरं" म्हणाली होती. बायका "बरं" म्हणतात म्हणून किती पुरुषांचं बरं चाललेलं असतं, याचा अभ्यास मात्र कुणी करत नाही.

"सर, या अभ्यासात सलिलने एका तरी बाईचं तोंड बघितलंय का?" तिने विचारलं.

सलिल हसला. "अगं, टीमवर्क असतं ना यार. नाव कुठे का असेना, काम महत्त्वाचं."

"मग तुझं पाचवं टाकूया. कुठे का असेना!"

सलिलचं हसू मावळलं आणि सरांचा पारा चढला. "हे जास्त होतंय दर्शना. मान्य नसेल तर तुझं नाव काढून टाकू का?"

हे काम म्हणजे दर्शनाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. पण मागे फिरायची तिची तयारी नव्हती. "काढा," ती म्हणाली.

"माझंही काढा," रसिका लगेच म्हणाली.

अक्षदा कोपऱ्यात उभी होती, तिला कुणी खुर्चीसुद्धा दिलेली नव्हती. ती म्हणाली, "सर, माझं तर काढायलाही नाहीये. आधी घाला, मग काढा."

सर ताठ होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी निबंध पुन्हा हातात घेतला, पानं उलटली आणि सलिलला विचारलं, "जर्नलने उद्या विचारलं, की शिबिराला न येणाऱ्या बायका तपासणीला तयार कशा झाल्या, तर काय सांगशील?"

"दर्शनाला विचारून सांगतो सर," सलिल म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याने जीभ चावली.

सरांनी पेन काढलं. दर्शना पहिली, अक्षदा दुसरी, रसिका तिसरी. सलिल पाचवा. तिघी बाहेर आल्या आणि टेंभी नाक्यापर्यंत एकमेकींचे हात धरून, भर रस्त्यात, शाळकरी पोरींसारख्या हसत गेल्या.

निबंध छापून आला तेव्हा गावातही दणका उडाला. इकडे कुणी नवी गाडी घेतली तरी बॅनर लागतो, मग केण्यांची पोर जगात गाजली म्हटल्यावर भाऊ कमलेश गप्प बसतो की काय? त्याने नाक्यावर भलामोठा बॅनर चढवला. मधोमध काळा गॉगल लावून हात जोडलेला कमलेश, वरच्या ओळीत गावचे सगळे दादा, भाई आणि शेठ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, नीट वाकून पाहिलं तर, दर्शना.

आई लक्ष्मी बाजारातून येत होती. ती बॅनरखाली थांबली आणि पोराला हाक मारली. "मधी यो कोन?"

"मी हाय ना आये. बॅनर मीच लावला, खर्च पन माझा."

"तू कुनाची तोंडां बघलीस?"

"अगं आये, पन..."

"उतरव."

मुलाला कधी उलट न बोललेली ती बाई बॅनर उतरेपर्यंत पिशवी घेऊन नाक्यावर उभी राहिली. नव्या बॅनरवर दर्शना मधोमध, बाजूला अक्षदा आणि रसिका, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: मिश्री लावता? मंगळवारी डॉक्टर दर्शना केणे यांना तोंड दाखवा.

पहिल्याच मंगळवारी ठाण्याला इस्पितळात बायकांची रांग लागली. सलिलने शेजारच्या खोलीतून डोकं काढून म्हटलं, "मावशी, इकडे या, मीपण तेच बघतो."

"नको बाबा," एक म्हातारी म्हणाली. "आमाला बॅनरवरची पायजे."

रांगेत सगळ्यात शेवटी लक्ष्मी उभी होती. गावच्या बायका पोरीसमोर तोंड उघडत, पण स्वतः लक्ष्मीने इतकी वर्षं तिला जवळ येऊ दिलं नव्हतं. दर वेळी काही ना काही काम निघायचं. आज ती मुकाट्याने खुर्चीत बसली. दर्शनाने टॉर्च मारला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तिने बोटाने दाबून बघितलं, दोनदा, तीनदा. मऊ होता, अगदी सुरुवातीचा.

"आये, आजच मिश्री सोडायची. तुकडा काढून तपासू. पण मला तो साधा वाटतोय, जाईल."

लक्ष्मीने पदराने तोंड पुसलं. "मंग घालव," ती म्हणाली. "पयला नाव तुजाच हाय ना?"