वाळूतलं घर

भूकंपात आमचं गावचं दगडमातीचं घर पडलं, तेव्हापासून माझे वडील, अण्णा, फक्त नव्या घराबद्दल बोलायचे आणि मी फक्त बारावीच्या मार्कांबद्दल. लातूरच्या क्लासला एका रविवारी सुट्टी मिळाली, तसं आईनं आम्हाला नांदेडला आणलं. तिथं धरणाच्या पाण्यापलीकडं वाळूची टेकडी होती, आणि नावेनं तिथं जायचं म्हणजे जायचंच, असं तिनं ठरवलं होतं. सुट्टी वाया चालली म्हणून मी कुरकुर केली, ती तिनं कानाआड केली.

नावेत बसताना तिनं बजावलं, “आज घर न्हाई आन् मार्कबी न्हाईत.”

उतरल्या उतरल्या अण्णांनी मूठभर वाळू उचलून बोटांत चोळली. “लई बारीक हाय. गिलाव्याला चालंल.”

मला हसू आलं, आईला नाही. ती काठावर बसली, पायावर ओली वाळू थापली आणि पाय हळूच काढून घेतला. छोटंसं घर उभं राहिलं. आता पडतंय की काय, म्हणून अण्णा आणि मी श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिलो.

आईनं ते तळहातानं सपाट केलं.

“झालं घर बांधून,” ती पदर खोचत म्हणाली. “आता वर चढा.”